अ-२ म्हंजे पोटहिस्सा?

परवा १ मेला, झेंडावंदन आटोपल्यावर, साठ-सत्तर माणसांदेखत मला विचारण्यात आलं, “मास्तर, तुमाला नंबर काढता येत न्हाई का?”

विचारणारे आबा. धोतर, टोपी, आणि हातात नातवाचं प्रगतिपुस्तक, तेही उलटं धरलेलं. मी जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात आठवीचा वर्गशिक्षक. पट ४३. तीन दिवस झाले, तो प्रश्न अजून जेवताना घशात अडकतो. म्हणून आधी मला काय काय काढता येतं ते सांगून टाकतो.

मला श्रेणी काढता येते. ९१ पासून अ-१, ८१ पासून अ-२, ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि त्याखाली सगळं इ-२. २० ऑगस्ट २०१० चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला तेव्हापासून हा तक्ता आम्हा मास्तरांच्या अंगात भिनलाय. भाजीवाल्यानं सुट्टे ३८ परत दिले तरी मनात ‘ड’ येतो.

आठवीला या शंभराचे दोन भाग. आकारिक, म्हणजे सत्रभर वर्गात चालणारं मूल्यमापन, ४०; संकलित, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, ६०. संकलितात लेखी ५० आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक १०. आकारिकाची साधनं आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि ‘इतर’. त्यातली किमान पाच वापरायची. ‘इतर’मध्ये सहाध्यायी मूल्यमापन येतं, म्हणजे पोरांनी एकमेकांना गुण द्यायचे. एकदा करून बघितलं. पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहून भांडणं सोडवली आणि ते साधन कायमचं मिटवलं.

आता मोजा. एका विषयाला मी सहा साधनं घेतो. सहा रकाने, त्यांची बेरीज, तोंडी, लेखी, त्यांची बेरीज, एकूण, श्रेणी. झाले बारा. असे सहा विषय म्हणजे ७२. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण पूर्णच्या पूर्ण आकारिक. तिथं तीन साधनं, एकूण आणि श्रेणी, म्हणजे आणखी १५. एका पोरामागे ८७ नोंदी. ४३ पोरांच्या ३,७४१. हे एका सत्राचं. दिवाळीआधी एकदा, एप्रिलच्या उन्हात एकदा.

एवढे आकडे येतात कुठून, हे शिक्षकांच्या खोलीतलं उघडं गुपित आहे. कागदावर साधनांची बेरीज होऊन एकूण येते. प्रत्यक्षात पुष्कळदा एकूण आधी ठरते आणि मग ती साधनांत वाटली जाते. समजा ३४ द्यायचेत. तोंडी ४, प्रात्यक्षिक ४, उपक्रम ९, प्रकल्प ४, चाचणी ८, स्वाध्याय ५. जमलं. पुढच्या पोराचे पण ३४? मग त्याला ५-४-८-४-९-४. ओळीनं तीन पोरांना सारखी वाटणी दिसली की तपासणारा जागा होतो, एरवी तो पण माणूसच आहे. यात लबाडी आहे का? आहे. पण पाच विषयांच्या तासिका, पोषण आहाराचा डोक्यामागे १५० ग्रॅमचा हिशोब, वर मतदार याद्या, एवढं करून ४३ पोरांचं दैनंदिन निरीक्षण रोज वहीत उतरवणारा मास्तर मला एकदा दाखवा. मी त्याच्या पाया पडतो आणि त्यालाच माझा वर्ग देतो.

सगळ्यात छळवादी चीज म्हणजे अर्धा गुण. चाचणी २० गुणांची, तिचं रूपांतर १० मध्ये. पोरानं १३ पाडले की झाले साडेसहा. तो अर्धा खाली खाली घरंगळत शेवटी एकूणात येतो आणि पोराचे होतात साडेचाळीस. तक्त्यात ड चाळीसला संपतो, क-२ एकेचाळीसला सुरू होतो. साडेचाळीसाला घरच नाही. आमच्या ग्रुपवर फिरणारी एक्सेलची फाइल ‘४१ किंवा जास्त’ एवढंच विचारते, त्यामुळे पोरगं गुपचूप ड मध्ये पडतं. उपाय सोपा आहे, बेरजेलाच राउंड लावायचा. पण फाइलला पासवर्ड, आणि ती बनवणारे गुरुजी पासवर्डासकट निवृत्त झालेत. गैरहजर पोराच्या रकान्यात ‘गै’ लिहिलं तर आणखी मजा. बेरीज अधिकची चिन्हं टाकून केली असेल तर फाइल बोंब मारते. बेरजेचं ‘सम’ हे सूत्र वापरलं असेल तर ती ‘गै’ला निमूट शून्य धरून पुढे जाते. मला बोंब मारणारी चालते. निमूट वागणाऱ्यांनी माझे एप्रिल खाल्लेत.

प्रगतिपुस्तकातल्या उंची-वजनाचं तर बोलूच नये. जूनमध्ये भिंतीवर खुणा करून उंची घेतली, एप्रिलमध्ये शिंप्याच्या टेपनं. वर्षभरात माझ्या वर्गातली चार पोरं खुजी झाली.

तर असा सगळा संसार एका पानावर मांडून मी वडाखाली टेबल टाकून बसलो होतो. आबा आले.

“कितवा आला?”

“आबा, आता नंबर नसतो. श्रेणी असते. याला अ-२ आहे. चांगली आहे.”

आबांनी प्रगतिपुस्तक सुलटं केलं. “अ दोन?”

“हो.”

“म्हंजे अ चा पोटहिस्सा?”

मला उलगडायला जरा वेळ लागला. आबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं रान एकाच गटात. वाटपात वरच्या अंगाचं, विहिरीलगतचं थोरल्याला गेलं आणि ओढ्याकडचं खडकाळ आबांना आलं. सातबाऱ्यावर थोरला अ/१, आबा अ/२. या वाटपावरचा कोर्टातला दावा माझ्या नोकरीपेक्षा वयानं मोठा आहे.

“अ एक कुणाकडं गेला?” आबांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण निकालपत्रक समोर उघडं होतं आणि पूर्ण वर्गात अ-१ एकच होती. थोरल्याची नात. मी नाव घेतलं.

आबा बराच वेळ ध्वजस्तंभाकडं बघत राहिले. “तितं बी वरचं अंग त्येंच्याकडंच.”

“आबा, ही वाटणी नाही. तिला ९१ च्या वर आहेत. याला ८९.”

“मोजणी कुणी केली?”

“मी.”

“हजर कोण हुतं?”

“कशाला हजर?”

“मोजणीला शेजारी हजर लागतो. आदी नोटीस काढावी लागती. आमाला नोटीस न्हाई.”

मागं रांग वाढत होती. कुणीतरी हसलं, आणि ते हसणं आबांच्या बाजूचं होतं हे मला कळलं. मी आवाज मास्तरी केला. म्हटलं, आबा, अ, ब, क, ड, इ अशा पायऱ्या असतात, तुमचा नातू अगदी वरच्यांत आहे.

“ब म्हंजे बाद?”

“नाही.”

“क म्हंजे कच्चा.”

“नाही हो आबा.”

“आन ड च्या फुडं ढच येतो की!”

रांगेत हशा पिकला. खरं सांगतो, मी त्या रांगेत असतो तर मीही हसलो असतो. माणूस मुद्द्याचं बोलत होता. अ, ब, क, ड, इ हा क्रम कुठल्या मराठी अंकलिपीत आहे? इंग्रजी अक्षरांना मराठी टोप्या घातल्या आणि बसवलं ओळीत. आयुष्यभर अ, आ, इ, ई म्हटलेल्या म्हाताऱ्याला ‘इ’ शेवटी येते हे पटवून कोण देणार? त्याच्या हिशोबानं इ-२ वाला पोरगा वर्गात तिसरा.

“बरं, अ दोन म्हंजे दुसरा ना?”

“नाही. अ-२ चे सहा जण आहेत.”

“एका पोटहिश्श्यात सा वारस?”

“हो, तसंच समजा.”

“समाईक?”

“समाईक.”

“मग खातेफोड करा की,” आबा म्हणाले, म्हणजे समाईक खातं फोडून ज्याचं त्याला वेगळं द्या, आणि मग तो प्रश्न आला. तुमाला नंबर काढता येत न्हाई का.

नंबर काढू नये हेच तर या सगळ्या पद्धतीचं मूळ आहे. पोराची तुलना दुसऱ्या पोराशी करायची नाही, त्याची त्याच्याशीच करायची. मला हे मनापासून पटतं. पण हे वाक्य रांगेसमोर बोलून बघा. पटणं एकीकडं, आणि तालुक्याच्या गावातल्या खाजगी क्लासच्या फ्लेक्सवर पहिल्या तीन पोरांचे फोटो झळकत असतात ते एकीकडं.

आणि वरून कमी गुंता होता म्हणून डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. आठवीला ६० पैकी ३५ टक्के, म्हणजे २१ पाडायलाच हवेत. नाहीतर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, त्यातही गेला तर पुन्हा आठवी. आता श्रेणी शंभरावर निघते आणि पास-नापास साठावर. माझ्या वर्गातल्या एकाला गणितात आकारिक ३४, संकलित १५. एकूण ४९, श्रेणी क-२. आणि त्याच ओळीत: पुनर्परीक्षा. त्याची आई आबांच्या मागेच उभी होती. ऊसतोडीहून महिन्यापूर्वी आलेली. तिनं क-२ कडे पाहिलं नाही, खातेफोड केली नाही, एवढंच विचारलं, “पास हाय का?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मग ह्ये ४९ कशाचं?” मी १५ आणि २१ सांगत बसलो. ३४ मी दिले होते, आणि ते कसे दिले जातात हे वर लिहिलंच आहे. या बाईवर मला विनोद करता येत नाही, तेव्हा पुढं जाऊ.

आबा हलले नव्हतेच. त्यांनी पुस्तक नातवाच्या हातात दिलं. “खाली काय लिवलंय वाच.”

खाली वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. याचीही एक पीडीएफ ग्रुपवर फिरते. शेकडो तयार वाक्यं, विषयवार. ‘नेहमी हसतमुख असतो.’ ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘अक्षर सुधारणे आवश्यक.’ बसायचं आणि वाढपी वाढतो तसं वाढत जायचं. मीही वाढतो. पण या एका पोराच्या पानावर मला लाज वाटली, आणि मी विशेष प्रगतीत लिहिलं: ‘विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर स्वतः उघडून दुरुस्त करतो. एक फेज गेल्यावर मोटार का जळते हे सोप्या शब्दांत सांगतो.’

निकाल तपासायला आमच्यातलेच एक सहकारी नेमलेले. २८ एप्रिलला त्यांनी ते पान परत पाठवलं, नोंदीभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. “असं यादीत नाही,” म्हणाले. “आणि उद्या पोराला शॉक लागला तर? तुमची सही आहे खाली.” मी दहा मिनिटं वाद घातला. अकराव्या मिनिटाला गोषवाऱ्यात मुलगे २४, मुली १८ निघाल्या, बेरीज ४२, पट ४३. त्या एका पोरीच्या शोधात माझा वादाचा जोर गेला. निकालपत्रकात व्हाइटनर चालत नाही. लाल शाईची आडवी रेघ मारायची, वर नवं लिहायचं, बाजूला सही. तेच प्रगतिपुस्तकातही केलं. नवी नोंद: ‘विज्ञान विषयात रुची दाखवतो.’

नातवानं ती मोठ्यानं वाचली.

“दाखवतो म्हंजे?” आबा.

मग त्यानं, विचारलं नसताना, रेघेखालची ओळ वाचायला घेतली. लाल रेघेचा दोष असा की खालचं सगळं स्वच्छ वाचता येतं. स्टार्टर, मोटार, एक फेज, सगळं वाचलं. रांग गप्प झाली.

“ह्ये खरं हाय,” आबा म्हणाले. “गेल्या म्हैन्यात त्यानंच मोटार चालू केली. ह्ये खोडलं कुणी?”

बाजूला सही माझीच होती. आबांना वाचता येत नाही, पण सही कुणाची ते बघून कळतं. कोर्टात तेवढं शिकायला मिळतं. त्यांनी सहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुस्तक बंडीच्या खिशात घातलं आणि गेले. संध्याकाळी त्यांनी गावात पेढे वाटले. नातू दुसरा आला म्हणून. आमच्या आळीत सगळ्यांना मिळाले, माझं घर सोडून.

रात्री झोप येईना. लॅपटॉप उघडला, फाइलमध्ये कडेला एका रिकाम्या रकान्यात रँकचं सूत्र टाकलं आणि खालपर्यंत ओढलं. दोन मिनिटांचं काम. थोरल्याची नात पहिली. अ-२ च्या सहा जणांत सगळ्यांत वर आबांचा नातू. वर्गात दुसरा.

मी तो रकाना पुसून टाकला. आबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगायचं तर आधी शेजाऱ्यांना नोटीस काढावी लागेल.