भांडण पुस्तकाचं, घोळ प्रश्नपत्रिकेत

महाराष्ट्रात इतिहासाच्या पुस्तकावरून वाद पेटला की तो पानं मोजण्यावर येतो. २०१७ मध्ये राज्य मंडळाच्या सातवी-नववीच्या पुस्तकांत मुघल आटले, तेव्हा तेच झालं. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर दाखवलं म्हणून तिथलं राजघराणं उखडलं, तेव्हाही तेच. पुस्तकावर एवढी शक्ती खर्च होते, पण प्रश्नपत्रिकेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत अमेरिकेकडून शिकण्यासारखं आहे, पण तिथे सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. 'एपी यूएस हिस्टरी' हा शाळेत शिकायचा, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यासक्रम. २०१४ मध्ये त्याच्या नव्या आराखड्यात देशाची बदनामी आहे म्हणून रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने ठराव केला. कोलोरॅडोच्या जेफरसन काउंटीत शाळा मंडळावर देशभक्तीला पोषक तेवढंच शिकवायचा प्रस्ताव आला, तेव्हा मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली. पुढच्याच वर्षी आराखडा बदलला. मात्र परीक्षेत दस्तऐवज हाती देऊन त्यांच्या आधारे लिहायला लावतात, तो निबंध जागचा हलला नाही, आणि माझ्या मते खरं शिक्षण त्यातच होतं.

त्याचं गणित असं: ७ दस्तऐवज, ६० मिनिटं, त्यातली १५ नुसती वाचायला. हा एक प्रश्न निकालाचा २५ टक्के भाग ठरवतो. गुण फक्त ७. वाद घालता येईल असं ठाम विधान केलं की १, काळाचा संदर्भ नीट मांडला की १, पुराव्याला ३. दोन दस्तऐवजांबाबत लिहिणारा कोण, कुणासाठी, कशासाठी लिहितोय हे सांगून त्याचा मुद्द्याशी संबंध जोडला तर १. शेवटचा १ गुंतागुंत पेलल्याबद्दल. तो सहसा हाती लागत नाही.

आपल्याकडून अमेरिकेत आलेली हुशार मुलं या निबंधात हमखास अडकतात. दस्तऐवज क्रमाने घेऊन 'पहिल्यात असं म्हटलंय, दुसऱ्यात तसं' अशी सारांशांची माळ लावतात. अक्षर सुरेख, सनावळी अचूक, गुण २. उपाय सोपा आहे: आधी मजकूर वाचायचाच नाही. वरची ओळ वाचायची, नाव, तारीख आणि ठिकाण. मग सात दस्तऐवजांचे दोन-तीन गट पाडायचे, त्या गटांतून विधान काढायचं आणि मगच लिहायला घ्यायचं.

अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध गुलामगिरीसाठी झालं की राज्यांच्या हक्कांसाठी, हा तिथला जुना वाद घ्या. डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटून निघताना दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्याने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली तक्रार अशी की उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये तर गुलामाला घेऊन नुसतं जाताही येत नाही. म्हणजे राज्यांचे हक्क बजावत होती उत्तरेची राज्यं, आणि ओरड चालली होती त्याचीच!

दुसरा दस्तऐवज अलेक्झांडर स्टीफन्सचा. हा दक्षिणेतल्या फुटीर राज्यांच्या सरकारचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात त्याने सांगितलं की कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. युद्ध हरल्यावर १८६८ ते १८७० मध्ये दोन खंड लिहून तोच म्हणतो की भांडण राज्यघटनेच्या अर्थाचं होतं. वर, भाषण बातमीदाराने नीट टिपलं नाही, ही सारवासारवही केलीच. माणूस एकच, तारखा दोन. हे शेजारी ठेवले की मुलाला निष्कर्ष सांगावा लागत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजात मात्र हे सगळीकडे मिळेलच असं नाही. १८७७ च्या, म्हणजे युद्धानंतरची पुनर्रचना संपली त्या वर्षाच्या, आधी आणि नंतर असे अभ्यासक्रमाचे दोन तुकडे असतात आणि प्रत्येकाला एक सत्र. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत अमेरिकी इतिहासाचे ६ क्रेडिट कायद्यानेच सक्तीचे. शे-दोनशेंच्या वर्गात निबंध तपासणार कोण? मग तिथेही गोळे काळे करण्याची परीक्षा येते. शिवाय अमेरिकी मुलांना घटनांचा क्रम लावताना घाम फुटतो. आपली मुलं तो झोपेतही सांगतील.

आपल्याकडे पुस्तकही वाईट नाही, हे विशेष. राज्य मंडळाचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेनेच सुरू होतं: रांके, मार्क्स, फुको हे विचारवंत आणि ॲनल्स ही फ्रेंच इतिहासकारांची परंपरा. आणि त्यावरचा स्वाध्याय? आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, पर्याय निवडा. उत्तर व्हॉल्टेअर, विषय संपला.

म्हणून मंडळाच्या चाळीस गुणांच्या पेपरात आठ गुणांचा एक प्रश्न दस्तऐवजांवर ठेवावा, तेही पुस्तकाबाहेरच्या. सुरुवातीला दोनच पुरेत. एक, १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका, जी जोतीरावांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना वाहिली. दुसरा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाची नोंद. प्रश्न: पुण्यात बसून फुल्यांना अमेरिकेची कोणती बाजू दिसत होती, कोणती नाही, आणि ती अर्पणपत्रिका खरं तर कुणी वाचावी म्हणून लिहिली होती?