मिरचीच्या झाडाला काळी पिशवी घालायला सांगणारा तो मेसेज

गेले काही दिवस तो मेसेज गोव्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, आमच्या डिचोलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर दोघातिघांनी टाकलाय. वर मोठ्या अक्षरात "फुकटात मिरचीचं उत्पन्न पंधरा दिवसांत तिप्पट", आणि खाली उपाय: गुळाचं पाणी घाला, एप्सम सॉल्ट घाला, अंड्याची टरफलं टाका, नारळाला घालतात तसं मीठ घाला, शेंडा खुडा, नर झाडं उपटून टाका, रोज बारा तास काळ्या पिशवीत झाकून ठेवा आणि तोडणीच्या आधी दोन आठवडे खत-पाणी बंद करा. सगळंच खोटं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो, पण यातल्या काही गोष्टींत थोडं तथ्य आहे आणि त्यामुळेच बाकीचं लोकांच्या गळी उतरतंय.

आधी ते नर झाड. बाबांनो, मिरचीत नर झाड नसतंच! मिरचीचं पांढरं फूल जरा डोळ्याजवळ धरून बघा, मधे एक बारीक दांडी दिसेल आणि तिच्याभोवती निळसर जांभळे परागकोश, म्हणजे नर-मादी दोन्ही एकाच फुलात. मग हे नर झाड आलं कुठून? गांजातून. गांजात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि रात्र मोठी व्हायला लागली की त्याला फुलोरा येतो, म्हणून त्याला झाकायबिकायचे प्रकार. म्हणजे कोणीतरी परदेशातल्या गांजावाल्यांची "स्वस्तात जास्त पीक" वाली यादी उचलली, गांजाच्या जागी मिरची घातली आणि दिली सोडून. (आता कोणी म्हणेल मग मूळ झाडच लावू की, दोन कुंड्यांना कोण विचारतंय, तर 1985 च्या एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम 20 बघा, बेकायदा लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. गोव्यात सगळं चालतं हा किनाऱ्यावरचा गैरसमज आहे.)

मिरचीला रात्र किती तासांची आहे याचं फारसं पडलेलं नसतं. तिला ऊन पाहिजे, रोजचं सहा तास तरी, आणि तुम्ही तिला अर्धा दिवस काळ्या प्लास्टिकमध्ये कोंडणार? आत उकाडा नुसता, आणि पारा 35 च्या वर गेला की मिरची तशीही फुलं गाळते. उत्पन्न तिप्पट राहूदे, होती ती फुलंपण जातील.

गुळाचं पाणी. गूळ म्हणजे झाडाची ताकद असं लिहिलंय. झाड स्वतःची साखर पानांत उन्हावर बनवतं, मुळांनी गूळ पिऊन ते जगत नाही. मातीत घातलेला गूळ खातात ते जिवाणू, आणि नुसता गूळ मिळाला की ते वाढायला लागतात आणि वाढीसाठी लागणारा नत्र (नायट्रोजन) मातीतूनच ओढतात, म्हणजे तेवढे दिवस झाडालाच कमी पडतो. वर मुंग्या येतात त्या वेगळ्याच. "पण जीवामृतात गूळ असतोच ना?" असतो, पण तिथे 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र आणि डाळीचं पीठ असतं आणि गूळ असतो 2 किलोच्या आसपास, तो जिवाणूंचा खाऊ आहे. शेण-गोमूत्र वगळून नुसता गूळ घातला की त्याला जीवामृत म्हणत नाहीत.

एप्सम सॉल्टचं मात्र अर्धं खरं आहे. ते मॅग्नेशियम सल्फेट, आणि आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लाल जांभ्या दगडाची माती, त्यामुळे चुना, मॅग्नेशियम, पालाश सगळं धुऊन जातं आणि माती आंबट होते. तेव्हा कमतरता असू शकते. ती ओळखायची कशी, तर जुनी खालची पानं बघा, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. तसं नसेल तर घालू नका, जास्त मॅग्नेशियम झालं की झाडाला कॅल्शियम घ्यायला त्रास होतो. माझ्या मते एप्समपेक्षा डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड) बरं, स्वस्त आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही मिळतं आणि मातीचा आंबटपणाही उतरतो. दहा-बारा इंची कुंडीला एक-दोन चमचे, वर भुरभुरवायचं नाही, मातीत मिसळायचं. आणि परसात जास्त लावणार असाल तर आधी माती तपासून घ्या, कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात विचारलं की सँपल कसं काढायचं ते सांगतात.

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. हाताने चुरडून टाकली तर वर्षभराने तशीच्या तशी सापडतात, पीठ करून घातली तर हळूहळू लागू पडतात. पण मग तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी काय घोडं मारलंय? तेही तेच आहे आणि आपल्याकडे रविवारी ढीग निघतो. फक्त पंधरा दिवसांत काही दिसेल असं समजू नका.

आता मीठ, हे सगळ्यात घातक. नारळाला मीठ घालतात हे खरं, माडाला मिठातला क्लोराइड लागतो आणि तो खाऱ्या जमिनीत तग धरतो. मिरची उलटी, मातीत थोडा जरी खारटपणा वाढला तरी उत्पन्न कमी करणाऱ्या पिकांतली. कुंडीत तर मीठ कुठे जाणार, तिथेच साठतं, पानांच्या कडा करपतात आणि लोक म्हणतात रोग पडला. तोच नियम खारं सुकट धुतलेल्या पाण्याला. ताज्या माशांचं पाणी चालतं, त्यात थोडा नत्र असतो, पण पातळ करून आणि मांजरांची तयारी ठेवून.

रोगावरून आठवलं, मेसेजमध्ये शेवटी "मर रोगालाही गुळाचं पाणी" असं ठोकून दिलंय. गोव्यात वांगी-मिरचीला जिवाणूजन्य मर बरीच होते, सकाळी झाड टवटवीत आणि दुपारी हिरव्या पानांसकट मान टाकलेली. संशय आला तर बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा, थोड्या वेळात कापल्या जागेतून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली तर तेच ते. याला औषध नाही, झाड मुळासकट काढायचं, तिथे परत मिरची, वांगी, टोमॅटो काही लावायचं नाही. पाणी तुंबलं की हे वाढतं. काणकोणात खोलाची मिरची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनवाली, डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर घेतात, तिथे पाणी थांबतच नाही. आपल्या परसात उतार नसेल तर गादीवाफा किंवा वरंबा करायचा, खर्च म्हणजे फक्त कुदळ आणि कंबर.

शेंडा खुडणं बरोबर आहे, एवढंच. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा काढला तर बाजूच्या फांद्या फुटतात. पण पहिली मिरची थोडी उशिरा येते, तेव्हा पंधरा दिवसांचा हिशेब इथेही बसत नाही. अहो, फुलातून तोडण्यासारखी हिरवी मिरची व्हायलाच तीन-चार आठवडे जातात!

आणि तोडणीआधी खत-पाणी बंद? पाण्याचा ताण दिला तर मिरची कधीकधी जास्त तिखट होते, ते खरं, पण मिरच्या कमी येतात आणि बारीक राहतात. तिखटपणा वाढवायचा आहे की उत्पन्न ते आधी ठरवा. शिवाय मिरचीची तोडणी काय एकदाच असते का, ती महिनोन् महिने चालते, मग दोन आठवडे बंद कधी करायचं?

खरंच फुकटात काही करायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत पातेरो, म्हणजे वाळका पाला, जाळून सगळ्या वाड्याला धूर पाजतात ना, तो न जाळता मिरचीच्या बुंध्याभोवती चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटवू नका. पाणी कमी लागतं, मुळं थंड राहतात, पावसाळ्यानंतर कुजून खत होतं. पावसात खत एकदम घालू नका, दोन धो धो सरींत ते गटारात, थोडं थोडं विभागून द्या. आणि हिरव्या मिरच्या तोडत राहा, लाल व्हायला ठेवल्या की नवीन फुलं कमी होतात, लोणच्याला किंवा बियाण्याला लाल पाहिजेत तर एखादं झाड वेगळं राखा आणि बाकीची आठवड्याला एकदा तरी मोकळी करा.