23 किलोंची पंगत

आमची लेक स्टुटगार्टला पंगत घालते आणि घाम सांगलीत आम्ही गाळतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या घरी दहा-पंधरा माणसं जमतात. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. लहानपणी कृष्णेच्या घाटावर आम्ही हेच करायचो आणि त्याला अंगत-पंगत म्हणायचो. तिकडं त्याला जर्मन नाव आहे. ते उच्चारताना माझी कवळी हलते. सुरुवात तिघांनी झाली: आमची लेक, एक नागपूरचा मुलगा आणि एक पुण्याची मुलगी. एकट्यानं जेवायचा कंटाळा, एवढंच कारण. संध्याकाळी तिकडं गार पाव आणि चीज खायची पद्धत आहे. पहिल्या हिवाळ्यात पोर फोनवर रडायची ती थंडीनं नव्हे, त्या पावानं.

मंडळ वाढलं तसा माझा हुद्दाही वाढला. सध्या मी या मंडळाचा सांगली विभागाचा खरेदी अधिकारी आहे. बिनपगारी.

यंदा मे महिन्यात लेक पंधरा दिवसांसाठी आली, ती यादी घेऊनच. पहिलं कलम, चटणी. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, भाजी-आमटीत घालायचं. पुण्याच्या मुलीनं पहिल्या पंगतीत ती थालीपिठाला लावून चमचाभर खाल्ली. पुढचा अर्धा तास ती मराठीतले फक्त स्वर काढत होती.

दुसरं कलम भडंग. तिच्या ऑफिसातला एक जर्मन गृहस्थ सहाचं बोलावणं असलं की सहाला येतो. बाकीची आपली माणसं सातपर्यंत उगवत नाहीत. मधला तासभर तो भडंग खात बसतो आणि पानं घेतली की पोट भरलं म्हणतो. येताना बटाट्याचं सॅलड आणतो. एकदा नेमकी संकष्टी होती. बटाटा दिसल्यावर उपास धरलेल्या एका बाईंचा हात आपसूक पुढं गेला. बटाटा म्हणजे उपासाला चालतो, हा आपला राष्ट्रीय विश्वास. तेवढ्यात त्यानं कौतुकानं कृती सांगायला घेतली. त्या भागात बटाटे मांसाच्या सूपमध्ये मुरवतात म्हणे. बाईंनी त्या रात्री चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही.

असो. आता बॅग. तिकिटावर 23 किलो. यात पहिला घोळ असा, की भडंगाला वजन नाही पण ते जागा खातं, आणि चटणी चिमूटभर जागेत किलोनं बसते. लेकीच्या बुटांतसुद्धा भडंगाच्या पिशव्या कोंबल्या. दुसरा घोळ नियमांचा. युरोपात बाहेरून दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत.

"मग ती माणसं पुरणपोळीवर काय घालतात?" हिनं विचारलं.

"तिकडचं लोणी आणून कढवतो गं आई."

यावर ही जी गप्प झाली ती रात्रीपर्यंत.

आणि खोबरं! गेल्या खेपेला मुंबईच्या विमानतळावर खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून बंदी. पस्तीस वर्षं डब्यात खोबरं ठेवणारी आमची ही तेव्हापासून फडताळाकडं संशयानं बघते. त्याच बॅगेतल्या चटणीत अर्धा किलो खोबरं कुटलेलं होतं, ते मात्र सुखरूप जर्मनीत उतरलं.

यंदा ब्याडगी आणि लवंगी मिरच्या गच्चीवर वाळत टाकल्या आणि सगळी बिल्डिंग शिंकायला लागली. विश्रामबागेत आम्ही अकरा वर्षं राहतोय, पण दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींशी आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपुरतं. त्या पदर नाकाला लावून वर आल्या. मला वाटलं, भांडण. मी मिरच्यांमागं सरकलो.

"पोरगी जर्मनीला चालली म्हणं? मग एवढ्या कुरड्या घाला की ओ."

त्यांनी बांध फोडला. समोरच्यांनी शेंगदाण्याची चटणी दिली. तळमजल्यावरच्यांचं सासर तासगाव, त्यामुळं बेदाणे दोन किलो. एका काकांनी किलोभर हळद आणली आणि वर बजावलं, "आपल्या हळदीला 2018 साली मानांकन मिळालंय. तिकडं सांगायचं." डंकावरून चटणी कुटून आणायला मी निघालो, तर तिघांनी आपापल्या मिरच्यांची पिशवी माझ्याच हातात दिली. डंकावर मी चार तास उभा होतो. परत आलो तर हिनं मला ओळखलं ते चपलांवरून.

वजन करायला रद्दीवाल्याचा ताणकाटा आणला. बॅग टांगली, काटा खाली गेला, 27 किलो.

"रद्दीच्या भावानं लावू का?" त्यानं विचारलं.

चार किलो काढायचे. पण कुणाचे? ज्यांचं त्यांचं सामान देणारी मंडळी बॅगेभोवती उभी. कुरड्यांना हात घातला की वहिनी खोकत. बेदाण्यांकडं नजर गेली की तळमजला गंभीर. शेवटी लेकीनं स्वतःचे कपडे काढले, पुस्तकं काढली, आणि जाडजूड जाकीट अंगात घातलं. बाहेर रणरणतं ऊन. पोर घामाघूम होऊन गाडीत बसली आणि अख्खी बिल्डिंग तिला हात करत होती. माझी पोर मला जाताना दिसलीसुद्धा नाही, मध्ये काका उभे होते.

जूनच्या पहिल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सहा, इकडं साडेनऊ. आमच्या दिवाणखान्यात नऊ माणसं, खुर्च्या चार. आपापला माल पानात दिसतोय का ते बघायला सगळे आलेले. बसलेच आहेत तर खातील, म्हणून हिनं परातभर भडंग कालवलं. पडद्यावर तो सहाला आलेला गृहस्थ एकटाच बसला होता, त्याच्याही पुढ्यात भडंग. त्यानं नमस्कार केला. आम्ही नऊ जणांनी केला. काका हळदीच्या मानांकनाचं सांगू लागले, लेक जर्मनमध्ये सांगत गेली, तो मान हलवत खात राहिला.

कुरड्या मात्र दिसल्या नाहीत. प्रवासात चुरा झाला होता.

वहिनींनी वाटी खाली ठेवली. "पुढच्या खेपेला डब्यात घालून देते. कधी येणार ओ ती?"

"डिसेंबरात," ही म्हणाली.

मी उठलो आणि रद्दीवाल्याचा नंबर शोधायला लागलो.