दिवाणखान्यातलं वासेपूर

मी ‘गँग्स ऑफ वासेपूर’ हा टोळीयुद्धाचा हिंदी सिनेमा आजवर चार वेळा पाहिला आहे आणि चारही वेळा मिळून तो माझा पुरता पाहून झालेला नाही. कारण सांगायला लाज वाटते. पडद्यावर कुणी कुणाला मारायला निघालं की मी डोळे मिटतो. नुसते मिटत नाही, वर पंजाही ठेवतो. २०१२ साली हा सिनेमा दोन भागांत आला, जूनमध्ये पहिला आणि ऑगस्टमध्ये दुसरा. तेव्हा थिएटरात अंधार होता म्हणून निभावलं. बाहेर आल्यावर मित्र म्हणाले, “काय मारलाय रे!” मीही म्हणालो, “काय मारलाय!” कुणाला, कशाने, हे मला आजतागायत ठाऊक नाही. पण त्या एका उद्गाराच्या भांडवलावर मी ऑफिसात या सिनेमाचा जाणकार म्हणून इतकी वर्षं काढली.

जाणकार झालं की लोक माहिती विचारत नाहीत, मत विचारतात. आमच्या डब्याच्या टेबलावर या सिनेमावरून उभी फूट आहे. खिडकीकडच्या बाजूला बसणारे म्हणतात, असा सिनेमा पुन्हा होणे नाही. कूलरकडचे म्हणतात, अख्ख्या सिनेमात एक सज्जन माणूस दाखवा, आम्ही पार्टी देतो. मी मधल्या खुर्चीवर बसतो आणि ज्याच्या डब्यात त्या दिवशी बरी भाजी असेल त्याच्याकडे मान हलवतो. घरी ही सोय नाही. घरी भाजी एकच असते.

यंदा भाऊबीजेला मेहुणा आला. हा सेन्सॉरच्या सर्टिफिकेटपासून सिनेमा बघणारा माणूस आहे. पाट उचलायच्या आत त्याने रिमोट हातात घेतला आणि जाहीर केलं, “भावजी, आज वासेपूर. दोन्ही भाग. सलग.”

“सलग?”

“तो एकच सिनेमा आहे. तीनशेवीस मिनिटांचा. कानच्या फिल्म फेस्टिव्हलला दोन्ही भाग दाखवले होते. आपल्या थिएटरवाल्यांना एवढा झेपणार नाही म्हणून तोडला.”

थिएटरवाल्यांना जे झेपलं नाही ते आमच्या तीन माणसांच्या सोफ्याला झेपेल असं त्याने गृहीत धरलं होतं. वर तो सोफा त्या दिवशी पाच जणांचा होता: तो, ही, सासूबाई, शेजारच्या इमारतीतले माझे काका आणि एका कडेला, हत्यावर, मी.

“कसला आहे रे सिनेमा?” सासूबाईंनी विचारलं.

“कौटुंबिक आहे, आई. तीन पिढ्यांची गोष्ट.”

यात खोटं काहीच नव्हतं. शाहिद खान, त्याचा मुलगा सरदार खान, त्याचा मुलगा फैजल. आमच्याकडे तीन पिढ्यांतून पितळेचा बंब उतरला, त्यांच्याकडे एक सूड उतरला, एवढाच काय तो फरक.

आणि सिनेमा सुरू झाला तो थेट ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने. ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत असेल, पडद्यावर आधी टीव्ही दिसतो आणि त्या टीव्हीवर तुळशी विराणी हसतमुखाने आपल्या घरची माणसं दाखवते. सासूबाई सरसावून बसल्या. रात्री साडेदहाची ती मालिका त्यांनी आठ वर्षं नेमाने पाहिली होती. तुळशीचा नवरा मिहिर मेला तेव्हा घरात फक्त सुतक पाळायचं राहिलं होतं. “अगं बाई, पुन्हा लागली?” असं त्या म्हणतात न म्हणतात तोच धडाधड गोळ्या सुटल्या. मी पंजा ठेवला.

“अरे, त्या एपिसोडचं पुढे काय झालं?” सासूबाईंचा आवाज आला.

“आई, तो एपिसोड नव्हता. ती कॉमेंट आहे.”

“काय का असेना, पुरा तर होऊ द्यायचा.”

या एका प्रसंगावरून सासूबाईंचं मत झालं ते शेवटपर्यंत हललं नाही. या सिनेमावाल्यांना चांगलं चाललेलं बघवत नाही. तसं पाहिलं तर दोन्हीकडे घरातलीच भांडणं, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. फक्त विराणींकडे मेलेला मिहिर परत आला. वासेपुरात मेलेला येत नाही, त्याचा मुलगा येतो.

माझ्याकडे रिमोट आला तो शिव्यांमुळे. घरात वडीलधारी माणसं आहेत तेव्हा शिवी आली की म्यूट करायचं, असं हिने ठरवलं आणि हत्यावर बसलेला माणूस एरवी रिकामाच म्हणून काम मला दिलं. आता शिवी कधी येणार हे ओळखायचं कसं? ती काही हॉर्न वाजवून येत नाही. मी शिवी ऐकून बटण दाबायचो, तोवर शिवी काकांच्या कानात पोहोचलेली असायची, आणि पुढचं निरुपद्रवी वाक्य मुकं व्हायचं. अर्ध्या तासाने मला अंदाज येऊ लागला. मग मी कुणीही तोंड उघडलं की दाबू लागलो. डोळे मिटून मारामारी वजा केली आणि बटण दाबून बोलणं वजा केलं की या सिनेमात जे उरतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कोळसा उरतो.

आणि कोळशावर मेहुणा बोलू लागला. वासेपूर म्हणजे धनबादचाच एक भाग, धनबाद तेव्हा बिहारात होतं, आता झारखंडात आहे, १९७२-७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याआधी खाणमालकांची पैलवान मंडळी होती, नंतर युनियनच्या नावाखाली तीच पैलवान मंडळी राहिली. “हा मारामारीचा सिनेमाच नाही भावजी, हा अर्थशास्त्राचा सिनेमा आहे.” मला मनापासून पटलं. मला मारामारी दिसलीच नव्हती.

त्यात दिवाळी. खाली मुलं लवंगी माळा लावत होती. मिटल्या डोळ्यांनी गोळी कुठली आणि लवंगी कुठली हे कळत नाही, हे थिएटरात लक्षात आलं नव्हतं. मी बराच वेळ पंजा ठेवून बसलो होतो. शेवटी हिने कोपर मारलं.

“अहो, उघडा. लग्न चाललंय.”

“मग आवाज?”

“खालचा आहे.”

म्हणजे तिला माहीत होतं. पंचवीस वर्षं संसार केल्यावर बायकोपासून एवढंही लपत नसेल तर धनबादच्या लोकांना एवढे कट कसे जमतात, याचं नवल वाटतं.

हिचं स्वतःचं मत निराळंच. सरदार खान दोन-दोन घरं करतो, एक धनबादची नगमा आणि दुसरी ती बंगाली दुर्गा, यावर ती संतापेल असं मला वाटलं होतं. पण ती अडकली ते नगमाच्या ताटावर. नवरा बाहेर दुसरीकडे जातो हे ठाऊक असलेली ही बाई त्याला आग्रह करकरून वाढते. पोटभर खा, तिथे जाऊन माझी बेअब्रू करू नकोस, असा त्याचा अर्थ. मेहुणा टाळ्या पिटून म्हणाला, “काय लिहिलंय!” ही शांतपणे म्हणाली, “लिहिलंय कसलं? हे कुणीतरी ऐकलंय.” एवढं म्हणून ती आत गेली आणि चकल्यांचा डबा घेऊन आली. मी दोनच घेतल्या. जास्त घेतल्या असत्या तर तिला कसला अर्थ लागला असता कोण जाणे.

काकांची तक्रार भाषेपासून सुरू झाली आणि भूमितीवर गेली. काकांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. त्यांना कुणीतरी सांगून ठेवायला हवं होतं की या सिनेमात एका मुलाचं नाव परपेंडिक्युलर आहे.

“काय नाव म्हणालास?”

“परपेंडिक्युलर, काका. फैजलचा धाकटा भाऊ.”

“तो काय करतो?”

“तोंडात ब्लेड ठेवतो.”

काका गप्प झाले. मग मेहुण्याने, विचारलं नसताना, परपेंडिक्युलरच्या मित्राचं नाव टँजेंट असल्याचं सांगितलं. आणि सावत्र भाऊ डेफिनिट. काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “एका वर्तुळात लंब आणि स्पर्शिका मित्र असणं शक्य आहे,” ते म्हणाले. “त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. पण मग त्रिज्या कुठाय?” पुढचा तासभर ते पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे हाच त्रिज्या असावा अशा नजरेने पाहत होते. त्यांच्या वर्गात दोनदा नापास झालेलं एक पोर वासेपुरात जन्माला आलं असतं तर त्याचं नाव काय पडलं असतं, हे मी मनात आणलं आणि ते पोर मीच असल्याने सोडून दिलं.

काकांचं पूर्ण प्रतिकूल मत थोडं सैल झालं ते संगीतामुळे. संगीत स्नेहा खानवलकरचं आहे म्हटल्यावर ते ताठ बसले. “खानवलकर? म्हणजे आपली?” इंदूरची, असं मेहुण्याने सांगितलं. गाण्यांसाठी बिहार फिरली, थेट त्रिनिदादला गेली, तिथल्या आपल्या माणसांच्या गाण्यांचे आवाज घेऊन आली. काकांनी लगेच निवाडा दिला. गोळ्या त्यांच्या, गाणी आपली. तेव्हापासून ते ‘कह के लूंगा’ गुणगुणू लागले. त्या तीन शब्दांचा वासेपुरात काय अर्थ होतो हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या मते तो एक सरळ व्यवहार आहे, माणसाने जे घ्यायचं ते सांगून घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूधवाल्याला पाव लिटर जास्त मागताना ते म्हटल्याचं मला कळलं. दूधवाला जौनपूरचा आहे. तो तेव्हापासून काकांच्या वाटेला जात नाही, पिशवी दाराला अडकवून पळतो.

पहिला भाग संपेपर्यंत फराळ संपला आणि वाद मात्र वाढला. काकांचं म्हणणं, अशा सिनेमाने गावाचं नाव खराब होतं. ते काही चुकीचं नव्हतं. खुद्द वासेपूरच्या लोकांनीच आमची बदनामी झाली म्हणून तक्रार केली होती आणि सिनेमातलं बरंचसं वासेपूर तर उत्तर प्रदेशात, वाराणसी-मिर्झापूरच्या बाजूला उभं केलं होतं. म्हणजे गाव त्यांचं नाही आणि बदनामी मात्र त्यांची. “उद्या आपल्या सोसायटीवर असा सिनेमा काढला तर?” काकांनी विचारलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून गेल्या वार्षिक सभेत खुर्ची उचलली गेली होती. तिसरी पिढी अजून शाळेत आहे. मी काही बोललो नाही.

मेहुणा भडकला. त्याच्या मते हिंसा दाखवली म्हणजे ती आवडली असं होत नाही. यातले मारेकरी मूर्ख आहेत, चुकतात, घाबरतात. आणि त्याने ती भाजीबाजारातली जागा काढून दाखवली. सुलतान नावाचा दांडगा माणूस निवांत भाजी घेतोय आणि त्याला मारायला आलेली पोरं मोबाइलवरून एकमेकांना खबर देतायत. सासूबाईंनी डुलकीतून डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. “स्वतः भाजी आणतो? बरा आहे मग,” म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या. संध्याकाळभरात सिनेमातल्या कुणाला मिळालेला हा पहिला चांगला शेरा. पुढे त्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही, अर्थातच.

खरा घोटाळा रामाधीर सिंगने केला. हा या गोष्टीतला खलनायक, ज्याने तीन पिढ्यांचा सूड पेटवला. तो एका ठिकाणी आपल्या माणसांना सांगतो की बाकीचे सगळे डोक्यात कुठला ना कुठला हिरो घेऊन हिंडतात म्हणून मरतात. आपण टिकलो, कारण आपण सिनेमा बघत नाही. शेजारी शिव्याही आहेत, पण तेवढ्या मला वेळेत दाबता आल्या.

काका उठून उभे राहिले. “हा! हा एकच शहाणा माणूस आहे या सिनेमात!”

“काका, तो व्हिलन आहे.”

“असेल. पण सिनेमा बघत नाही.”

कूलरकडच्या लोकांची पार्टी मी जिंकलो होतो. आता ऑफिसात हे सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. त्यानंतर काका पूर्णपणे रामाधीरच्या बाजूचे झाले. फैजलच्या घरचं कुणी मेलं की ते समजुतीने मान हलवत आणि रामाधीरच्या घरी चहा आला तरी त्यांना बरं वाटे. दोन पुस्तकं आणि एक गीतापाठ सोडला तर काकांनी कुणावर इतकी श्रद्धा ठेवलेली मला आठवत नाही. मेहुणा दुसऱ्या टोकाला बसून फैजलच्या बाजूने बोलत होता. तोंडात चिलीम, डोक्यात अमिताभ आणि प्रेयसीचा, मोहसिनाचा हात विचारल्याशिवाय धरला म्हणून बोलणी खाऊन रडणारा, असा गुंड दुसरा दाखवा म्हणत होता. मध्ये मी, हातात रिमोट. दोघांचाही आवाज इतका चढला की मी सवयीने बटण दाबलं. टीव्ही मुका झाला. ते दोघे झाले नाहीत.

शेवट हॉस्पिटलात आहे एवढं मला माहीत होतं, चारही वेळा तिथपर्यंत मी डोळे उघडे ठेवून गेलो होतो. फैजल बंदुका घेऊन आत शिरला. काका सोफ्याच्या कडेवर आले. मी पंजा ठेवला.

गोळ्या सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने थोड्या थांबल्यासारख्या वाटल्या.

“गेला?” मी हाताआडून विचारलं.

“गेला,” ही म्हणाली.

मी बोटं उघडणार तोच पुन्हा सुरू.

“मग आता कुणाला?”

“त्यालाच.”

“तो गेला ना?”

“केव्हाच. ठेवा हात. बंदूक बदलली त्याने.”

“अरे, पुरे म्हणावं त्याला,” काकांचा आवाज आला. तो मला जरा कापरा वाटला. मेहुणा काही बोलला नाही. गोळ्या चालूच होत्या.

सोफ्याच्या कोपऱ्यातून सासूबाई झोपेत म्हणाल्या, “दहा वाजून गेले. त्या मुलांना कुणीतरी खाली जाऊन सांगा रे.”