साय.डी. की पीएच.डी.: फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

सांगली, मिरज आणि साताऱ्यातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये व त्यांच्या पालकांमध्ये एक संदेश फिरत आहे. त्यानुसार पीएच.डी. ही केवळ संशोधकांची पदवी आहे, साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही खऱ्या उपचारकांची, साय.डी.ला संशोधन करावे लागत नाही. आणि अमेरिकेतून यांपैकी कोणतीही पदवी आणली की गावी परतून थेट दवाखाना सुरू करता येतो.

पहिला दावा इतिहासाला धरून नाही. १९४९ साली अमेरिकेतील बोल्डर येथील परिषदेनेच क्लिनिकल मानसशास्त्राच्या, म्हणजे मानसिक विकारांच्या तपासणी-उपचारांशी संबंधित शाखेच्या, पीएच.डी.त संशोधन आणि रुग्णसेवा या दोहोंचे प्रशिक्षण असावे, असे ठरवले. साय.डी.चा अभ्यासक्रम इलिनॉय विद्यापीठात १९६८ साली सुरू झाला आणि १९७३ साली वेल येथे भरलेल्या परिषदेने त्या वाटेला पाठबळ दिले. तिथे भर रुग्णसेवेवर असतो, हे खरे. पण अमेरिकेत व्यवसायाच्या परवान्यासाठी दोन्ही पदवीधरांना एकच राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

दुसरा दावाही खरा नाही. साय.डी.लाही प्रबंध किंवा त्याच्या तोडीचा प्रकल्प असतोच. संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, तो फरक पैशाचा आहे: पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अनेक विद्यापीठांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, तर साय.डी.चे बहुतेक विद्यार्थी शुल्क स्वतः भरतात. शेती गहाण ठेवून मुलीला परदेशी पाठवू पाहणाऱ्या घराला हे आधी कळायला हवे.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ठरवले आहे, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय, म्हणजे अशा व्यावसायिकांची नोंदणी ठेवणारी केंद्रीय संस्था) मान्यता असलेले, रुग्णांसोबतच्या देखरेखीखालील प्रशिक्षणाचे शिक्षण आवश्यक आहे. परदेशी पदवी आपोआप नोंदणीस पात्र ठरत नाही. शिवाजी विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याचे विद्वत्तेचे मोल मी कमी लेखत नाही, पण केवळ त्या पदवीवर परिषदेच्या नोंदवहीत नाव लागत नाही. नोंदणीविना व्यवसाय केल्यास याच परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ॲलोपॅथीची औषधे लिहून देण्याचा अधिकार तर यांपैकी कोणत्याच पदवीने मिळत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे. जत किंवा माण तालुक्यातून आलेला रुग्ण पाटीवरचे ‘डॉ.’ पाहून आत येतो आणि त्या अक्षरामागची पदवी कोणती, हे तो विचारत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक पाटीवरच लिहिलेला असावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.