‘नेक्स्ट’ला कुलूप घातलं म्हणून कोणी शिकत नाही

ई-लर्निंग बनवणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतो: ‘नॅरेशन (स्लाइडवरचं बोलणं) संपेपर्यंत नेक्स्ट बटण बंद ठेवा. लोक पुढे पळणार नाहीत, मजकूर वाचतील, त्यांनी वेळ दिल्याची नोंद राहील, आणि यात नुकसान कोणाचंच नाही.’ मीही अशी कुलपं भरपूर घातली आहेत. स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण डिसेबल्ड (बंद) ठेवायचं, स्लाइडची टाइमलाइन संपली की नॉर्मल करायचं. दोन ट्रिगरचं, म्हणजे ‘असं झालं की तसं कर’ अशा दोन सूचनांचं काम. सोपं आहे म्हणूनच ते इतकं पसरलं, असा माझा संशय आहे.

‘लोक वाचतील.’ बटण बंद दिसलं की माणूस दुसरा टॅब उघडतो. आणि जो खरंच वाचतो, त्याचं काय? ब्रिसबर्ट यांच्या २०१९ च्या आढाव्यानुसार इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द आहे. नॅरेशन मिनिटाला १५० शब्दांचं धरू. १२० शब्दांची स्लाइड वाचून होते ३० सेकंदांत, ऐकून होते ४८ सेकंदांत. म्हणजे प्रत्येक स्लाइडवर १८ सेकंद नुसतं बसायचं. ४० स्लाइडचा कोर्स असेल तर १२ मिनिटं. शिक्षा नेमकी नीट वाचणाऱ्याला.

उलट मेयर आणि चँडलर यांनी २००१ मध्ये वीज कशी चमकते हे सांगणारं ॲनिमेशन १६ तुकड्यांत दिलं, आणि पुढचा तुकडा कधी लावायचा हे शिकणाऱ्यावर सोडलं. समजलेलं नव्या प्रश्नांना लावून पाहण्यात ही मंडळी सलग पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. बटण तिथेही होतंच, फक्त ते त्यांच्या ताब्यात होतं.

‘पळणार नाहीत.’ पळणाऱ्याला एकतर ते आधीच येत असतं, किंवा स्लाइडवर करण्यासारखं काही नसतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! येत असेल त्याला सुरुवातीलाच चाचणी देऊन मोकळं करा. दुसऱ्याला काहीतरी करायला द्या.

‘वेळेची नोंद राहील.’ राहते, पण कशाची? स्कॉर्म या ई-लर्निंगच्या मानकातला सेशन टाइम कोर्स स्वतःच एलएमएसला, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या यंत्रणेला, कळवतो. कोर्स किती वेळ उघडा होता एवढंच त्यातून कळतं. समोर माणूस होता की रिकामी खुर्ची, हे नाही. जिथे कायदाच तास ठरवतो तिथे माझा इलाज नाही. कॅलिफोर्नियात लैंगिक छळ प्रतिबंधाचं प्रशिक्षण पर्यवेक्षकांना २ तासांचं द्यावंच लागतं. तिथे वेळ पाळा, पण त्याला शिक्षण म्हणू नका.

‘नुकसान कोणाचंच नाही’ हे मात्र साफ खोटं. डिसेबल्ड बटण सहसा टॅब कळीच्या वाटेतूनच गायब होतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा टॅबने शोधत गेला तर त्याला ते सापडत नाही, आणि वेगळी सोय केलेली नसेल तर ते सुरू झाल्याचंही कोणी सांगत नाही. त्याला वाटतं, कोर्स अडकला.

एका जागी मी विलंब अजूनही ठेवतो: प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. म्हणून ‘उत्तर दाखवा’ हे बटण मी लगेच देत नाही. तेही टायमरने उघडत नाही. चौकटीत काहीतरी लिहिलं की उघडतं, चुकलेलं का असेना.