रिफिल केलेलं कार्ट्रिज मेलं म्हणण्याआधी (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय की काळं कार्ट्रिज रिफिल केलं, दोन पानं झकास आली, तिसऱ्यावर अक्षरं फिकी होत गेली, मग परत सिरिंज मारली तर शाई खाली गळली आणि प्रिंटर कार्ट्रिजच ओळखेना, वर रंगीतमधला पिवळा हिरवट झाला, आणि चवथीच्या आरत्या शेवटी म्हापशाला झेरॉक्सवाल्याकडे जाऊन काढाव्या लागल्या. म्हणून रिफिल म्हणजे प्रिंटरचं वाटोळं, लोकांना असले सल्ले देऊ नका, असं तुमचं म्हणणं. चवथीच्या तोंडावर असं झालं की डोकं फिरणारच, ते मला कळतं. पण निष्कर्ष पटत नाही, कारण बिघाड कुठे झाला ते तुम्ही लिहिलेल्या खुणांतच दिसतंय.

आधी प्रिंटरच्या वाटोळ्याचं बघू. एचपी आणि कॅननच्या दोन कार्ट्रिजवाल्या घरगुती प्रिंटरमध्ये शाई उडवणारं हेड कार्ट्रिजच्याच तळाला असतं. एचपीने 1984 साली थिंकजेटमध्ये हेच केलं, हेडसकट कार्ट्रिज फेकायचं आणि नवं लावायचं. म्हणजे रिफिल बिघडलं तर जातं ते कार्ट्रिज, प्रिंटर नाही, गळलेली शाई तेवढी वेळेवर पुसायची. एप्सनचं गणित वेगळं, तिथे हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं आणि ते तुंबलं तर खरंच खर्चाचं काम, पण तुमच्याकडे तो प्रकार नाही.

आता फिकी अक्षरं. सुरुवात गडद आणि पुढे पुढे पांढरं होत जाणं याचा अर्थ शाई आत आहे पण खाली उतरत नाहीये. तुम्हीच लिहिलंय की भरून झाल्यावर वरची सगळी भोकं सेलोटेपने 'नीट' बंद केली. तिथेच घात झाला. शाई खाली जाताना वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी स्टिकरखाली बारीक भोक आणि चर असतात, ते बुजले की आत ओढ तयार होते आणि शाई स्पंजमध्येच अडकून बसते. तुम्हाला वाटलं शाई संपली, म्हणून भरलेल्या स्पंजवर अजून शाई घातली, ती जाणार कुठे, खाली गळली, सोनेरी पॉइंटवर, म्हणजे कार्ट्रिज प्रिंटरला जोडणाऱ्या ठिपक्यांवर, पसरली, आणि म्हणून प्रिंटर कार्ट्रिज ओळखेना. एका टेपमुळे हे सगळं झालं. किती भरायचं हे कार्ट्रिजच्या खोक्यावर किती मिली लिहिलंय त्यावरून ठरवायचं, भरायचं नेहमी त्याच्यापेक्षा थोडं कमी, आणि हळूहळू.

पिवळ्याचा हिरवा झाला म्हणजे शेजारच्या खणातला निळा त्यात उतरलाय. रंगीतमध्ये तीन खण एकमेकांना चिकटून असतात, एक ओसंडला की दुसऱ्यात जातो. आणि कुठला रंग कुठल्या भोकात हे मॉडेलप्रमाणे बदलतं, व्हिडिओत बघून भरू नका, प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक घालून टोकाला कुठला रंग लागतो ते बघा. आत्ता मात्र टिश्यूवर टेकवून जादा शाई शोषून घ्या आणि नुसत्या पिवळ्या रंगाची काही पानं काढा, शुद्ध पिवळा परत येतो.

कार्ट्रिज खरंच मेलंय का ते ओळखायची रीत सांगतो, ही सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. टिश्यूची घडी कोमट पाण्यात भिजवून पिळायची, त्यावर कार्ट्रिजचं नोझल, म्हणजे तळाची शाई सोडणारी बारीक भोकं, थोडा वेळ टेकवून ठेवायचं. पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, विहिरीचं किंवा बोअरचं नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. टिश्यूवर पट्टा उमटलाच नाही किंवा तुटक उमटला तर नोझल तुंबलंय किंवा हवा अडकलीय, हे सुटण्यासारखं आहे. पण पट्टा भरगच्च उमटतोय आणि तरी कागदावर ठरावीक जागी पांढऱ्या रेघा येतायत, तर शाईचा दोष नाही, एकतर पॉइंट खराब आहेत किंवा नोझल जळलीत. पॉइंट ओलसर सुती कापडाने पुसून बघा. जळलेल्या नोझलला मात्र उपाय नाही.

नोझल जळतात कशी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो, तो काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंशांच्या आसपास तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. त्या हीटरला थंड ठेवते ती शाईच. शाई नसताना छापत राहिलात, किंवा फिकं येतंय म्हणून हेड क्लीनिंगवर क्लीनिंग मारत राहिलात, की हीटर कोरडा तापतो आणि जातो. म्हणून पार कोरडं होईपर्यंत थांबायचं नाही, छपाई जरा फिकी दिसली की लगेच भरायचं. बहुतेक कार्ट्रिज रिफिलने मरत नाहीत, रिफिलच्या आधीच मेलेली असतात. स्क्रीनवरचा 'शाई संपली' हा इशारा बऱ्याच मॉडेलांत थेंब मोजून येतो, त्यामुळे भरल्यावरही तो तसाच राहतो, एचपीत ओके करून पुढे जायचं, कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत स्टॉपचं बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं.

आपल्याकडचं एक वेगळं आहे, जून ते सप्टेंबर. छापताना करंट गेला की हेड टोपीवर न जाता मध्येच उघडं राहतं आणि शाई तोंडाशी सुकते, तर करंट आल्यावर प्रिंटर चालू करून त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नको. आणि कागद दमट झाला तर अक्षरांना पिसं फुटतात, उरलेला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा. काळी शाई पिगमेंट, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची घ्या, 'सगळ्यांना चालते' म्हणून मिळणारी बहुतेक डाय, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, आरतीला ओल्या हातांनी पान धरलं की पसरते.

एका गोष्टीत तुमच्याशी सहमत आहे. घरात रोज मुलांचे प्रोजेक्ट, भजनी मंडळाची पानं, जत्रेच्या नाटकाच्या संहिता असं भरपूर छापायचं असेल तर टाकीवाला प्रिंटरच घ्यावा. पण तोही बाटलीतून शाई भरायचाच प्रकार आहे, लोक बाहेरून नळ्या जोडून तेच करत होते, मग एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात टाकीवाला प्रिंटर काढला. महिन्याला पाच-दहा पानं काढणाऱ्याने चालू प्रिंटर टाकून तो घ्यायला मी कधीच सांगणार नाही.

तुमचं काळं कार्ट्रिज अजून फेकलं नसेल तर टेप काढा, पॉइंट पुसा, ओल्या टिश्यूवर टेकवा आणि पट्टा कसा उमटतो ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.